राजवाडा नंतर, आधी यादी: जुन्या घराण्याच्या ग्रंथसंग्रहाचा इतिहास मुंबईत बसून कसा शोधायचा

जुन्या घराण्याचा राजवाडा आणि त्यातला ग्रंथसंग्रह यांवर लिहायचं मनात असेल, तर आधी राजवाडा बघायला जाऊ नका. तिथे हंड्या-झुंबरं दिसतात, दरबाराचे खांब दिसतात, वाटाड्या भुयाराची गोष्ट सांगतो (प्रत्येक वाड्याला भुयार असतंच, आणि ते नदीला नाहीतर किल्ल्यावर निघतं). परत येऊन वहीत जे उतरतं ते चार दिवाळी अंकांत आधीच छापून आलेलं असतं. आधी यादी शोधा. पोथ्यांची, सामानाची, कर्जाची, वाटणीची, जप्तीची, कुठलीही चालेल. ती कोणी केली, कधी केली आणि कोणाच्या हुकमावरून केली एवढं समजलं, की पुढचा रस्ता आपोआप दिसायला लागतो.

हा सल्ला माझ्या नोकरीतून आलाय. मी मुंबईत लघुवाद न्यायालयात बेलिफ होतो. वॉरंट खिशात, सोबत पंच, आणि धोबीतलावाहून निघून कोणाच्या तरी बिऱ्हाडातलं सामान लिहून काढायचं: ‘लाकडी कपाट एक, दोन दारी, पैकी डावे दार मोडके.’ घरवाला तेवढ्यात आजोबांचा मोठेपणा सांगत असतो. तो खोटं बोलत नसतो. पण डावं दार मोडकं असतं हेही खरं, आणि पंचनाम्यात दारच येतं. निवृत्तीनंतर मोडी शिकलो, जुन्या घराण्यांच्या कागदांत शिरलो, आणि तिथेही माझी नजर आधी यादीकडेच जाते.

उदाहरणाला तंजावर घेतो. घराणं आपलंच, भोसल्यांचं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांची गादी. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयाच्या याद्या छापलेल्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच नेटवर फुकट वाचायला मिळतात. शिवाय त्या राजवाड्यावर जप्ती आली होती आणि ते प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या अपील कोर्टापर्यंत गेलं, मग माझ्यासारख्याला दुसरं काय पाहिजे? तुम्ही सातारा, औंध, सावंतवाडी किंवा तुमच्या गावच्या इनामदारांचा वाडा घेतलात तरी रीत हीच.

वहीची दोन पानं

एक मोठी वही घ्या. डाव्या पानावर इमारतीचा इतिहास, उजव्या पानावर पुस्तकांचा. दोन्ही एकत्र लिहू नका. राजवाडा बांधणारा आणि पुस्तकं जमवणारा एकच माणूस असेल असं आपण उगाच धरून चालतो.

तंजावरचं डावं पान असं भरतं. राजवाड्याची सुरुवात नायक राजांची, सोळाव्या शतकातली. १६७६ च्या सुमारास व्यंकोजींनी तंजावर घेतलं आणि पुढे मराठ्यांनी राजवाड्यात भर घातली. १७७३ साली अर्काटच्या नवाबाने राज्य घेतलं, १७७६ साली ते परत मिळालं. १७९८ साली दुसरे सरफोजी गादीवर आले. १७९९ च्या तहात राज्यकारभार कंपनीकडे गेला आणि राजाकडे किल्ला, राजवाडा आणि नेमणूक (म्हणजे ठरलेला वार्षिक तनखा) राहिली. १८५५ साली त्यांचे चिरंजीव शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि राज्य खालसा झालं.

उजवं पान वेगळं चालतं. नायकांच्या काळातही दरबारी ग्रंथसंग्रह होता, त्यावर मराठ्यांचा संग्रह उभा राहिला. १६८४ ते १७१२ या काळात राज्य केलेले शहाजीराजे स्वतः लिहिणारे होते. त्यांची मराठी नाटकं याच संग्रहातल्या हस्तलिखितांतून आपल्यापर्यंत आली. आणि मग सरफोजी. आज आपण ज्याला सरस्वती महाल म्हणतो त्याचं रूप मुख्यतः त्यांचं. १८२० ते १८२२ या सालांत ते काशीयात्रेला गेले आणि उत्तरेतल्या पोथ्या मिळवून, उतरवून घेऊन आले. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन अशी युरोपातली छापील पुस्तकंही त्यांनी हजारांनी मागवली. बऱ्याच पुस्तकांवर त्यांची सही सापडते.

आता दोन्ही पानं शेजारी ठेवून १७९९ च्या ओळीवर बोट ठेवा. डावीकडे राज्य किल्ल्याच्या भिंतीपुरतं आटलं, आणि उजवीकडे संग्रह फुगायला लागला. माझ्या मते तंजावरच्या ग्रंथालयाचा इतिहास या एका ओळीत आहे. राजाकडे फौज नाही, वसुली नाही, लढाई नाही. पण नेमणूक आहे: तहाप्रमाणे वर्षाला एक लाख पॅगोडे (दक्षिणेतली सोन्याची नाणी) आणि वर राज्याच्या निव्वळ वसुलीचा पाचवा हिस्सा. शिकलेला, रिकामा आणि पैसेवाला राजा. श्वार्ट्झ नावाच्या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढलेला, म्हणून युरोपच्या पुस्तकांची गोडी. ‘राजांना विद्येची आवड होती’ हे वाक्य प्रत्येक घराण्याच्या पुस्तिकेत असतं. आवड होती हे ठीक, पण पैसा आणि वेळ कुठून आला ते शोधल्याशिवाय ते वाक्य तुमच्या लेखात घेऊ नका.

आकडा लिहिण्यापूर्वी

कोणत्याही संग्रहाबद्दल पहिला प्रश्न येतो, पुस्तकं किती? इथे सांभाळून. जुन्या गॅझेटिअरमध्ये तंजावरच्या राजवाड्यात संस्कृत पोथ्या १८,०००, त्यातल्या ८,००० ताडपत्रावर, असा आकडा आहे. आज एकट्या संस्कृत पोथ्या ३९ हजारांच्या वर सांगतात. मधल्या काळात राजा नव्हता, मग पोथ्या दुप्पट कशा झाल्या?

एक कारण सरळ आहे. पुढे तंजावरातल्या पंडितांच्या घरचे संग्रह त्यात आले. लांडगे, कागलकर, पतंग अवधूत ही नावं सूचींत दिसतील. दुसरं कारण मोजण्यातलं. एका बासनात (पोथ्या बांधायच्या कापडात) पाच ग्रंथ बांधलेले असतात. कोणी बासनं मोजतो, कोणी ग्रंथ मोजतो, कोणी सुटी पानंसुद्धा वेगळा क्रमांक देऊन मोजतो. म्हणून आकडा लिहाल तिथे मोजणारा आणि साल दोन्ही लिहा. नुसता ‘सुमारे पन्नास हजार ग्रंथ’ असा आकडा कुठे वाचलात तर तो वहीत पेन्सिलीने लिहा, शाईने नको.

सूची वाचायची कशी

तंजावरच्या संस्कृत पोथ्यांची पहिली मोठी छापील सूची आर्थर कोक बर्नेल या इंग्रज न्यायाधीशाने केली. ती १८८० साली लंडनला छापली गेली. त्यानंतर पी. पी. सुब्रह्मण्य शास्त्री यांची वर्णनात्मक सूची १९२८ पासून खंडाखंडाने निघाली, एकूण १९ खंड. बर्नेलची सूची इंटरनेट अर्काइव्हवर आहे. मोबाइलवर वाचू नका, डोळे जातात. लागतील तेवढी पानं छापून घ्या.

सगळे सूचीत थेट आपल्या विषयाचं पान काढतात. तुम्ही प्रस्तावना आधी वाचा. सूची करणाऱ्याला कोणी नेमलं, खोल्या कशा होत्या, काय गहाळ होतं, कोण मदतीला होतं, हे तिथेच सापडतं. बर्नेल सरकारचा माणूस होता. तो पोथ्या मोजत होता तेव्हा सरकारचं या संग्रहाशी नातं काय होतं, हा प्रश्न मनात ठेवून वाचा. त्याचं उत्तर पुढे कोर्टाच्या कागदात आहे.

मग नोंदी. नोंदीत लिपी, साहित्य, पानं, दर पानाला ओळी आणि ग्रंथसंख्या असते. ही ग्रंथसंख्या म्हणजे पुस्तकांची संख्या नव्हे. ३२ अक्षरांचा एक ‘ग्रंथ’ असं ते लांबीचं माप आहे, त्यावर लेखकूची मजुरी ठरायची. लिपी आणि साहित्य जोडीने बघा. ताडपत्रावर तेलुगू किंवा ‘ग्रंथ’ नावाच्या दक्षिणी लिपीत असेल तर पोथी बहुधा दक्षिणेतलीच. कागदावर देवनागरीत असेल तर ती उत्तरेतून आलेली असू शकते किंवा तंजावरातल्या मराठी पंडितांनी उतरलेली. नक्की कळतं ते शेवटच्या पुष्पिकेवरून. कोणी लिहिलं, कोणासाठी, कुठे, कोणत्या शकात, हे चार शब्दांत तिथे असतं. नशीब असेल तर लेखकूने पाठ मोडली, मान दुखली अशी तक्रारही संस्कृतात केलेली असते. मला ती वाचायला फार आवडतं.

संग्रहाच्या शेजारी छापखाना होता का तेही बघा. सरफोजींचा होता. इसापच्या गोष्टींचं ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी पुस्तक एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरात छापलं गेलं. तेव्हा मुंबईत मराठी छपाईची गाडी अजून रुळावर यायची होती.

कोर्टाचे कागद

आता माझ्या प्रांतात या. घराण्यात भांडण झालं नसेल तर इतिहासकाराचं नुकसान होतं. भांडण झालं की यादी होते.

शिवाजीराजे ऑक्टोबर १८५५ मध्ये वारले. वर्षभराने, ऑक्टोबर १८५६ मध्ये, कंपनीचे कमिशनर फोर्ब्स शिपाई घेऊन राजवाड्यात गेले, मालमत्ता ताब्यात घेतली, सील ठोकलं, पहारे बसवले. थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला. म्हणणं असं की राज्य घ्या, पण राजांची खासगी मालमत्ता वारसांची आहे. मद्रासला त्या जिंकल्या. कंपनीच्या बाजूने अपील झालं आणि जुलै १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरवला. मुद्दा एवढाच की ही सार्वभौम सत्तेने सत्ता म्हणून केलेली कृती आहे. ती न्याय्य होती की अन्याय्य हे तपासायचा अधिकार दिवाणी कोर्टाला नाही. निकाल छापलेला सापडतो तो मूर्स इंडियन अपील्स, खंड ७, पान ४७६ वर. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल आजही ‘ॲक्ट ऑफ स्टेट’साठी वाचतात, आणि त्यातल्या कितीजणांना या मालमत्तेत आपल्या भाषेतल्या पोथ्याही होत्या हे माहीत असेल याची मला शंका आहे.

शोधताना स्पेलिंग सांभाळा. निकालात राणीसाहेबांचं नाव इंग्रजीत ‘कामाची बोये साहबा’ असं वाचावं लागेल इतकं मोडलेलं आहे. सरफोजी तर शरभोजी, सर्फोजी, सेर्फोजी अशा कितीतरी रूपांत भेटतात. तुम्हाला सुचतील तेवढी इंग्रजी रूपं कागदावर लिहून ठेवा आणि एकेक टाकून शोधा.

पुढे १८६२ साली सरकारने मेहेरबानी म्हणून मालमत्ता राण्यांना परत दिली आणि लगेच राण्यांत आपसात दावा लागला. १८६८ सालचा मद्रास हायकोर्टाचा निकाल आहे, जिजाअंबाबाईसाहेब विरुद्ध कामाक्षीबाईसाहेब. बेलिफाला यात काहीच नवल वाटत नाही. शेवटी १९१८ साली ग्रंथसंग्रह घराण्याकडून सार्वजनिक झाला. म्हणजे १८५५ ते १९१८ या त्रेसष्ट वर्षांत संग्रहाचा मालक कोण, हा प्रश्न लोंबकळत होता. तुमच्या घराण्याच्या संग्रहातही असा काळ शोधा. पोथ्या विकल्या जातात, वाळवीला जातात, पाहुण्यांबरोबर जातात त्या याच काळात.

आपल्याकडच्या घराण्यांसाठी तीन-चार जागा सांगून ठेवतो. वारस वयाने अज्ञान असेल तर १९०५ च्या मुंबई कोर्ट ऑफ वॉर्ड्स कायद्याखाली इस्टेट सरकारी देखरेखीखाली गेली होती का बघा, गेली असेल तर सामानाची नोंद निघायची शक्यता चांगली. इनामदार असतील तर इनाम कमिशन, म्हणजे १८५२ चा अकरावा कायदा. त्यापुढे घराण्याने दिलेल्या कैफियतीत वंशावळ फुकटात मिळते, पण लक्ष जमिनीवर असतं, पुस्तकांवर नाही. संस्थानिक असतील तर १९४८-४९ च्या विलीनीकरणाचे करार. राजांनी खासगी मालमत्तेची यादी सरकारला द्यायची होती. ती हाती लागली की लोक खूश होतात, पण करारातले शब्द वाचा: स्थावर मालमत्ता, रोखे आणि रोकड. पुस्तकं जंगम. ती या यादीत यायलाच हवीत असं नव्हतं, आणि म्हणूनच किती संग्रह गुपचूप हलले याचा हिशेब लागत नाही. सचित्र पोथ्या असतील तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली केलेल्या नोंदणीचे कागद घराण्याकडे मागा. त्यात फोटोसुद्धा असतात.

मुंबईत कुठे बसायचं

फोर्टातला टाऊन हॉल, एशियाटिक सोसायटी. संस्था १८०४ ची, इमारत १८३३ ची. गॅझेटिअर, जुनी प्रवासवर्णनं, सूची, संशोधनाची नियतकालिकं यांसाठी मी तिथेच जातो. पायऱ्या चढायला लागतात, गुडघे सांभाळा. सभासद नसाल तर वाचायच्या परवानगीची चौकशी आधी करा.

काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, १८२१ पासूनचं दफ्तर. ओळखपत्र आणि विषयाचा अर्ज लागतो. अर्जात ‘मराठ्यांचा इतिहास’ असं लिहू नका. ‘अमुक घराणे, अमुक ते अमुक साल, इनाम व वारसा’ असं लिहा, म्हणजे तिथल्या माणसाला कोणतं दफ्तर काढायचं ते कळतं. मात्र तंजावरसाठी इथे फार वेळ घालवू नका. तंजावर मद्रास इलाख्यातलं, त्याचं सरकारी दफ्तर चेन्नईला. हे आधी ठरवायचं असतं: घराणं कोणत्या इलाख्यात, कोणत्या एजन्सीखाली होतं? सातारा, सांगली, औंध यांना मुंबई आणि पुण्याचं पेशवे दफ्तर, करवीरला कोल्हापूर. इंदूर-धारची कागदपत्रं मुंबईत शोधणारे तरुण मी पाहिलेत, बिचारे.

मराठी पुस्तकांसाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९८ चं. घराण्यांनी स्वखर्चाने छापलेले इतिहास, वंशावळी, गौरवग्रंथ असं जे कुठे विकत मिळत नाही ते जुन्या वाचनालयांतच सापडतं. ते वाचा, पण हे घराण्याने स्वतःबद्दल सांगितलेलं आहे हे विसरू नका. तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळात १८०३ साली सरफोजींनी भोसल्यांचा सगळा वंशेतिहास मराठीत दगडावर कोरून घेतला. केवढा मोठा लेख! पण तोही घराण्याचाच जबाब. जबाब म्हणून वाचला तर फार मोलाचा आहे. राज्य गेल्यावर चार वर्षांनी राजाला आपला इतिहास दगडावर लिहावासा का वाटला, याचा विचार करा.

परक्या साक्षीदाराचंही तेच. बिशप हेबर १८२६ साली सरफोजींना भेटला आणि हा राजा लाव्हाझिए, लिनियस, बुफाँ या युरोपातल्या शास्त्रज्ञांचे दाखले सहज देतो असं लिहून गेला. इतकं छान वाक्य मिळालं की सगळे ते उचलतात. उचला, पण हेबर पाद्री होता आणि पाद्र्याने वाढवलेला राजा बघायला आला होता, हेही त्याच परिच्छेदात लिहा. राजाने ती पुस्तकं खरंच वाचली का, हे पुस्तकांवरच्या खुणांवरून ठरेल.

मोडी आणि सालं

तंजावरच्या संग्रहात मोडी कागदांची एक हजारावर पुडकी आहेत. तुमच्या गावच्या वाड्यातही पोथ्यांच्या शेजारी मोडी रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) असणारच. मोडी येत नसेल तर शिका. पुराभिलेख संचालनालय वर्ग घेतं. लिपी लवकर येते, वाचन सवयीने येतं. ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्द तोडलेले नाहीत, आधी रेघ ओढून खाली अक्षरं टांगलेली. सुरुवात पत्रांनी करू नका, तीही यादीनेच करा. यादीत शब्द ठरलेले असतात: कित्ता, एकूण, पैकी, बाकी. ‘जाबता’ किंवा ‘झडती’ (दोन्ही यादीचेच प्रकार) असं मथळ्याला दिसलं की समजा, घबाड लागलं.

सालाचा हिशेब पाठ करून टाका. शकात ७८ मिळवा, आणि पौषात किंवा त्यापुढे इंग्रजी साल उलटलं असेल तर ७९. शके १७२५ चा डिसेंबर म्हणजे १८०३. मराठी कागदांत सुहूर सनही असतो, आकड्यांऐवजी अरबी शब्दांत. ‘अर्बा मयातैन व अलफ’ म्हणजे चार, दोनशे आणि हजार, एकूण १२०४. त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवा, जानेवारीपासून ६००. आलं का १८०३-०४? संवत्सराचं नाव दिलं असेल तर ताळा करता येतो. शके १७२५ चं संवत्सर रुधिरोद्गारी. ते साठ वर्षांनी परत येतं, त्यामुळे एकट्या संवत्सरावर विसंबू नका.

घराण्याकडे जाताना

आमच्या इमारतीतली एक मुलगी एम. ए. करते. तिच्या आजोळच्या गावी सरदारांचा वाडा आहे. ती मला म्हणाली, “काका, मी थेट विचारणार आहे त्यांना, पोथ्या कुठे गेल्या म्हणून.”

“तसं विचारू नकोस,” म्हटलं. “पोथ्या गेल्या असं तू ठरवून बसलीस. त्यांना वाटेल, चोरीचा तपास करायला आली.”

“मग काय विचारू?”

“विचार, आईसाहेब, दसऱ्याला सरस्वतीपूजनाला कोणती पोथी मांडता? ती काढून दाखवतील. पोथी ज्या कपाटातून निघेल ते कपाट बघ.”

ती जाऊन आली. पूजेची पोथी बाहेर आली, आणि तिच्याखाली बाइंडिंगवाल्याच्या जुन्या पावत्यांचं बंडल होतं. पावत्या म्हणजे पुस्तकांची यादीच की!

मान द्यायला विसरू नका. कोकणात-देशावर अजूनही राजे, सरकार, आईसाहेब, आबासाहेब असंच बोलतात, आणि तुम्हाला ते जुनाट वाटत असलं तरी त्यांच्या ओटीवर तुम्ही पाहुणे आहात. वाटणीचा विषय पहिल्या भेटीत काढू नका. धाकट्या पातीच्या (शाखेच्या) माणसाला वेगळं भेटा, त्याला जास्त आठवतं. घरातल्या जुन्या कारभाऱ्याची मुलं कुठे असतात तेही विचारा. अनेकदा किल्ल्या त्यांच्याकडे असायच्या, आणि रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वहीही.

पोथी हाताळायची वेळ आली तर शाईचं पेन खिशातून बाहेर काढू नका, पेन्सिल ठेवा. हात कोरडे हवेत. ताडपत्र उलटताना वाकवायचं नाही, दोन्ही टोकांना धरून पूर्ण पान उचलायचं. बासनात वेखंडाची पुरचुंडी सापडली तर फेकू नका, कीड लागू नये म्हणून कोणीतरी ती जाणूनबुजून ठेवलेली असते. त्याचीही नोंद करा, काळजी घेणारं माणूस केव्हापर्यंत होतं ते त्यावरून कळू शकतं. फोटोला परवानगी लेखी घ्या.

आता राजवाडा बघा. तंजावरला गेलात तर सरजा माडीसमोर किंवा दरबारात उभं राहून खांब मोजू नका. इतकं वाचून गेल्यावर तुमचे प्रश्न वेगळे असतील. पोथ्या कोणत्या दालनात होत्या? तिथे उजेड कुठून येतो, ओल कुठून येते? फोर्ब्सने सील ठोकलं ते कोणत्या दारांना? ग्रंथालयाच्या संग्रहालयात मांडलेल्या मोजक्या वस्तू सगळे बघतात. तुम्ही वाचनालयात सूचीचे क्रमांक घेऊन जा, मागणीचिठ्ठी भरा, आणि सरफोजींची सही असलेलं एखादं इंग्रजी पुस्तक काढायला सांगा. पानं कापलेली आहेत का बघा. जुनी पुस्तकं पानं जोडलेली यायची, ती वाचणाऱ्याला सुरीने कापावी लागत. न कापलेली पानं म्हणजे न वाचलेलं पुस्तक. हेबरच्या वाक्याचा ताळा इथे करता येतो.

गावच्या वाड्यात सूची नसेल तर ती तुम्हीच करा. रकाने थोडे ठेवा: अनुक्रम, नाव, लिपी, कागद की ताडपत्र, पानं, पुष्पिकेतला मजकूर जसाच्या तसा, शिक्का किंवा सही, कुठे ठेवलं होतं, अवस्था. ‘अवस्था’ या रकान्यात ‘जीर्ण’ लिहून मोकळे होऊ नका. ‘पहिली सहा पाने नाहीत, उजवा कोपरा उंदराने खाल्लेला’ असं लिहा. नाव कळलं नाही तर पहिली ओळ उतरा, अंदाजाने नाव देऊ नका. यादीची एक प्रत घराण्याला द्या, एक गावच्या वाचनालयात ठेवा. नेटवर टाकायची असेल तर ‘कुठे ठेवलं होतं’ हा रकाना काढून मगच टाका.